एकोणसत्तरावा दिवस

“पोरगी अडकली परत. टाक च्या तवर.”

कुणाचा तरी माईक चालू राहिला होता. बागेतल्या शेडमध्ये बसून तो बायकोला हे सांगत होता, पण त्या दुपारी मीटिंगमध्ये असलेल्या सगळ्या द्राक्ष बागायतदारांनी ते ऐकलं आणि मीही ऐकलं. कुणीतरी हसू दाबत खोकलं. मागून पातेल्याचा आवाज आला, म्हणजे चहा खरंच टाकला गेला.

मी हलले नाही. तोंड अर्धवट उघडं, डोळे स्लाइडवर, उजवा हात हवेत थांबलेला. श्वाससुद्धा हळू घेत होते, कारण स्वेटर वरखाली झालेला दिसला असता. लॅपटॉप अडकलेला नव्हता. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ नीट पुढे सरकत होतं. दोन सतरा. दोन अठरा. मग मी पापण्या हलवल्या, पुढे वाकले आणि विचारलं की माझा आवाज येतोय का, मधे हँग झालं होतं. आणि पुढची स्लाइड लावली.

ज्या स्लाइडवर मी थांबले होते तिच्यावर एकच वाक्य होतं: छाटणीनंतर ५७व्या दिवसापासून पाणी वाढवा. ते वाक्य मीच लिहिलं होतं. वाचताना मी ‘सत्ते’पर्यंत पोचले होते.

नाशिकमधल्या एका लहान कंपनीत मी काम करते. आमची कंपनी द्राक्षबागांना सल्ला देते. दर गुरुवारी दुपारी दोन वाजता, मजुरांची जेवणाची सुट्टी असते तेव्हा, दिंडोरी, निफाड, सिन्नरकडचे बागायतदार फोनवरून मीटिंगला येतात आणि मी त्यांना त्या आठवड्याचं हवामान, रोग आणि पाण्याचं वेळापत्रक सांगते. बागांत फिरून व्हिडिओ काढायचं काम दादांचं. दादा म्हणजे आमचे फील्डवरचे सहकारी, सगळी कंपनी त्यांना दादाच म्हणते. ते व्हिडिओ आणि आकडे जुळवून स्लाइड करायचं काम माझं. ऑफिसच्या खाली वेल्डिंगचं दुकान आहे, म्हणून गुरुवारी मी घरूनच बोलते, जेवणाच्या टेबलावरून. पलीकडे आईचं शिलाई मशीन असतं. दोन ते तीन ती मशीन बंद ठेवते आणि काजं-बटणं करत बसते.

द्राक्षवाल्यांचं कॅलेंडर वेगळं असतं. ऑक्टोबरात छाटणी केली की त्या दिवसापासून ते मोजायला लागतात. आज तारीख काय, हे विचारलं तर विचारात पडतील, पण छाटणीचा दिवस कुणी चुकत नाही. मीटिंगला आले की नाव सांगतात आणि लगेच “माझा एक्केचाळीसावा” म्हणतात, घरातल्या बाळंतिणीचे दिवस सांगावेत तसं. खत, पाणी, फवारणी, सगळं त्या दिवसावर.

आणि मला मराठी आकडे येत नाहीत.

वीसपर्यंत येतात. तीस, चाळीस, पन्नास असे मैलाचे दगड येतात. मधला रस्ता येत नाही. माझ्या शाळेत मराठी हा एक तास होता आणि त्या तासालासुद्धा बाई पान नंबर इंग्रजीतच सांगायच्या. घरात आई कुणाचा फोन नंबर सांगायला लागली की मी पेन धरून “म्हणजे किती?” विचारायची, आणि मामेभाऊ म्हणायचा, हिला सबटायटल द्या. सगळ्यात वाईट ते एकोणवाले आकडे. एकोणसत्तर ऐकलं की मला फक्त सत्तर ऐकू येतं आणि मी सत्तरच्या पुढे शोधायला लागते. त्यात एक कमी करायचा असतो हे मला माहीत आहे. पण तो कमी करेपर्यंत समोरचा माणूस दोन वाक्यं पुढे गेलेला असतो.

सुरुवातीला मी आकडे इंग्रजीत सांगायचे. एकदा फिफ्टी आणि फिफ्टीन यांत एका काकांचा घोळ झाला. ते चांगलेच तापले आणि म्हणाले, मॅडम, आमचं मिडियम वेगळं होतं. सगळे हसले. मीही हसले, कॅमेऱ्यापुरती. त्यानंतर आमच्या कंपनीच्या सरांनी सांगून टाकलं की आकडे मराठीतच. स्लाइडवर आकडा असतो, मग तोंडाने सांगायची एवढी काय गरज, असं मी एकदा दादांना विचारलं होतं. ते म्हणाले, अर्ध्या बाया फोन कमरेला खोचून काम करता करता ऐकतात. पडदा बघतंय कोण?

लॅपटॉप दिवाळीच्या सुमाराला बिघडला. आधी नुसता पंखा घरघरायचा. मग एका गुरुवारी मी भुरीचा व्हिडिओ लावला आणि पडदा जागच्या जागी थांबला. पानावरची बुरशी थांबली, माझा चेहरा थांबला, आवाज गेला. पुढच्या स्लाइडवर तीन आकडे होते. ते सांगायला वेळच उरला नाही. सर म्हणाले, जाऊ दे, तक्ता ग्रुपवर टाक. मी टाकला. त्या दुपारी मला किती हलकं वाटलं, ते मी कुणाजवळ बोलले नाही.

पुढच्या गुरुवारी मी तो अडकण्याची वाट बघत होते. तो नेमका नीट चालला. मग मीच अडकले.

एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. न हलता बसायची सवय मला लहानपणापासून आहे. पाहुणे आले की मी अशीच बसायचे.

चहा टाकला गेला त्या मीटिंगनंतर सरांचा फोन आला. ते चिडले नव्हते, चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, लोक कंटाळलेत. लॅपटॉप कुठेतरी दाखवून घे, आपण आणखी तीन गुरुवार बघू. तरी असंच चाललं तर बोलायचं काम दादा करतील, तू स्लाइड करून दे. तुझ्यावरचा ताणही कमी होईल.

मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. मला आनंद व्हायला हवा होता. मग पाणी प्यायला उठले आणि ओट्याशी तशीच उभी राहिले. शाळेत माझ्या वतीने मैत्रीण बोलायची. कॉलेजात गटात जो धीट असेल तो बोलायचा. घरात आई सांगते, ती जरा लाजते. आठवड्यातला हा एक तास असा होता की त्यात माझ्याशिवाय बोलायला कुणी नव्हतं. तो मला आवडत नव्हता. पण तो दादांकडे गेला तर पुन्हा कधी मागायची माझी हिंमत होणार नाही, हे मला ओट्याशी उभं असताना पक्कं माहीत होतं.

शनिवारी सिन्नरकडच्या एका बाईंचा फोन आला. नवरा ट्रकवर असतो, बाग त्याच बघतात. त्यांनी विचारलं, “मॅडम, सत्तेचाळीस म्हणला होता का सत्तावन? तुम्ही सत्ते म्हणला आन् आवाज गेला. मी सत्तेचाळीस धरलं. दोन दिवस झाले, पाणी जास्त सोडतीये.”

त्यांचा त्या दिवशी पन्नासावा होता. मी म्हणाले, पाणी आधीइतकंच ठेवा, मी आकडा मेसेज करते. मेसेजमध्ये ५७ लिहिलं आणि तीन वेळा तपासलं. बागेचं फार बिघडलं नाही, दादा सोमवारी जाऊन बघून आले. पण फोन ठेवताना त्या सहज बोलल्या, “तुमचा आवाज नेमका आकड्यालाच जातो बगा.”

त्यानंतर लॅपटॉप दुरुस्त करायचा म्हणून जे काही करता येतं ते मी सगळं केलं. जास्तीचे टॅब बंद केले. नको ते प्रोग्रॅम काढून टाकले. दोनदा अपडेट केलं, दोनदा रिस्टार्ट केलं. शेजारच्या काकांनी सांगितलं म्हणून राऊटरची वायर थेट लॅपटॉपला जोडली आणि ती ओलांडताना आई दोनदा अडखळली. चार्जर लावून बसले, व्हिडिओ लहान करून घेतले. पुढच्या गुरुवारी व्हिडिओ लागला आणि पंखा असा ओरडला की आईने काजं सोडून वर बघितलं. मशीनला तेल घालते तसं याला काही घालावं लागतं का, असं तिने विचारलं. तेवढ्यात पडदा थांबला. तो खराच थांबला होता. त्यानंतर दहा मिनिटांनी मी पुन्हा थांबले, बासष्टवर. ते थांबणं मात्र खरं नव्हतं.

त्याच्या पुढच्या गुरुवारी दादा घरी येऊन माझ्या शेजारी, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे बसले. हातात छोटी डायरी. लॅपटॉप कधी अडकतो त्याची मिनिटं त्यांनी लिहून घेतली. ते शेजारी होते म्हणून मी अडकू शकले नाही. आकडे आले की ते हळूच बोट करून पुटपुटायचे आणि मी त्यांच्यामागून म्हणायचे. त्यांना वाटलं मी घाबरलेय. जाताना त्यांनी डायरी चाळली, मागच्या मीटिंगांचं रेकॉर्डिंग पाहून केलेल्या नोंदीही त्यात होत्या. म्हणाले, “व्हिडिओला अडकतो ते समजतं. पण काहीच चालू नसताना मधेच अडकायचा, ते कसं काय? आज तर तसा अडकला नाही.”

मी म्हणाले, काय माहीत.

दुसऱ्या दिवशी मेन रोडजवळच्या एका गल्लीत लॅपटॉप घेऊन गेले. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, एक टेबल आणि वर लोंबकळणारा दिवा. दुरुस्ती करणारे वयस्कर होते, चष्मा कपाळावर. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, नेमकं कधी अडकतं? मी म्हणाले, व्हिडिओ लावल्यावर. त्यांनी विचारलं, आणि नुसतं बोलताना?

दादांना मी खोटं सांगितलं होतं, सरांना सांगितलं होतं. या माणसाला खोटं सांगितलं असतं तर त्यांनी नको ते भाग उघडून बघितले असते. मी म्हणाले, नाही. नुसतं बोलताना नाही अडकत.

त्यांनी खालचं झाकण काढलं आणि वरचा दिवा जवळ ओढला.

“ताई, याची पूजा कोण करतं?”

पंख्याभोवती धुळीचा थर होता आणि तो थर पिवळसर-लाल होता. त्यांनी ब्रशने थोडा कागदावर पाडला. हळद, कुंकू, झेंडूच्या पाकळीचा वाळलेला तुकडा. मग चिमट्याने पंख्याच्या पात्यातून त्यांनी तांदळाचा एक दाणा काढला. कुंकवाने रंगलेली अक्षता. पंखा याच्याशी भांडत होता, ते म्हणाले. व्हिडिओ लागला की मशीन तापतं, पंखा फिरत नाही, मग ते स्वतःच हळू होतं. जळू नये म्हणून. बिघाड काही नाही त्यात, उलट शहाणं आहे.

दसऱ्याला आईने शिलाई मशीन आणि लॅपटॉप शेजारी ठेवून दोघांना हळद-कुंकू वाहिलं होतं, हे मला आठवलं. लक्ष्मीपूजनालाही. मग मार्गशीर्ष लागला. मार्गशीर्षातले गुरुवार आई घट मांडून करते, आणि गुरुवार हाच लॅपटॉपचा मोठा दिवस, म्हणून घटाची पूजा झाली की त्यालाही दोन बोटं लावायची. झाकणावर डाग पडेल म्हणून ती बिजागरीजवळच्या जाळीवर लावायची. तिथे दिसत नाही ना.

त्यांनी दाणा कागदात बांधून दिला. प्रसाद घेऊन जा, म्हणाले.

घरी आल्यावर आईने विचारलं, काय निघालं? मी म्हणाले, धूळ. तिने मशीनवरून मान न उचलता म्हटलं, आपल्याकडे रस्त्याची फार येते. कागदाची पुडी माझ्या पर्समध्येच राहिली. ती म्हणाली असती, मीच बिघडवला म्हणायचा, आणि मग दोन दिवस गप्प राहिली असती. आमच्या घरात गप्प राहायला सगळ्यांनाच येतं.

लॅपटॉप आता आवाजसुद्धा करत नव्हता. तीन व्हिडिओ एकामागून एक लावून बघितले. सगळे चालले. त्याचं समाधान वाटायला हवं होतं, पण मी नुसती दमले. आता आडोसा उरला नव्हता.

तिसऱ्या गुरुवारचा तक्ता मी दर पाच दिवसांचा केला: ५५, ६०, ६५, ७०, ७५. त्या आकड्यांची मराठी नावं इंग्रजी अक्षरांत लिहून चिठ्ठी पडद्याच्या कडेला चिकटवली. पंचावन्न, साठ, पासष्ट, सत्तर, पंचाहत्तर. न्हाताना म्हटली. भाजी चिरताना म्हटली. आई म्हणाली, कसली परीक्षा आहे का? मी हो म्हणाले, ते खरंच होतं.

सकाळी घटाची पूजा झाली आणि आई तबक घेऊन टेबलापाशी आली. दोन बोटं कुंकवात बुडवलेली. सांगायला हवं होतं. मी लॅपटॉप मिटला, छातीशी धरला आणि कपाळ पुढे केलं. तिने मिटलेल्या लॅपटॉपकडे बघितलं. मग तिने हळद-कुंकू मला लावलं आणि म्हणाली, बरं, आज यंत्र तू.

दोन वाजता सगळे आले. नावं, दिवस. सर होते, दादा फोनवरून होते, कुठल्यातरी बागेत, मागे वारा. मी हवामान सांगितलं. दोन व्हिडिओ लावले. पाण्यासारखे चालले. तक्ता आला. पंचावन्न, साठ, पासष्ट, सत्तर, पंचाहत्तर. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटला, पण आकडे बरोबर होते. सर म्हणाले, आज छान चाललंय, कुणाला काही विचारायचंय का?

सिन्नरच्या त्या बाईंनी माईक चालू केला. कात्रीचा आवाज येत होता, त्या काम करता करताच बोलत होत्या.

“मॅडम, माझा आज एकोणसत्तरावा. मी पासष्टचं पाणी देऊ का सत्तरचं?”

सत्तर ऐकू आलं. मी तक्त्यात सत्तरच्या खाली बघितलं, मग पंचाहत्तरच्या आधी बघितलं. चिठ्ठीवर तो आकडा नव्हता. एक कमी करायचा, पण कशातून? सत्तरातून की ऐंशीतून? त्यांचा मागचा दिवस आठवायचा प्रयत्न केला, तो आठवेना. हात आपोआप हवेत थांबला. तोंड अर्धवट उघडं राहिलं. कात्रीचा आवाज बंद झाला. त्या वाट बघत होत्या.

“अडकली वाटतं,” कुणीतरी म्हणालं. माईक बंद करायचा राहिला होता की त्याला ऐकवायचंच होतं, कळलं नाही.

सरांनी दोनदा हॅलो म्हटलं. मग त्यांचा आवाज आला, थकलेला, माझ्यासारखाच. म्हणाले, लॅपटॉप परत गेला बहुतेक. दादा, तुम्ही घेता का पुढचं? आता हे दर वेळी तुम्हीच घ्या.

दादांच्या फोनवरून वाऱ्याचा आवाज येत राहिला. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ पुढे सरकलं. छोट्या चौकटीत माझा चेहरा होता, कपाळावर आईची दोन बोटं, आणि लॅपटॉप इतका शांत होता की आईची सुई कापडातून निघताना दोरा ओढल्याचा आवाज मला ऐकू आला. त्या बाई अजून थांबल्या होत्या. मागच्या वेळी त्यांनी अंदाजाने दोन दिवस पाणी सोडलं होतं.

मी हात खाली घेतला.

“सर, लॅपटॉप नीट आहे. मी अडकलेय. मागेही बऱ्याचदा मीच अडकले होते. ताई, मला मराठी आकडे पटकन कळत नाहीत. एकोणसत्तर म्हणजे साठ आणि नऊ ना?”